पाणवनस्पतींचा गृहप्रवेश व तदनुषंगिक विधी

घरगुती मत्स्यपालनाच्या शास्त्रात दुकानातून आणलेली जिवंत वनस्पती टाकीत लावणे हे प्रकरण सर्वांत निरुपद्रवी समजले जाते, आणि ज्या घरांत ते एकदा घडून गेले आहे, तेवढीच घरे याला अपवाद असतात. घरगुती टाकी म्हणजे दिवाणखान्यात शोकेस आणि चपलांचे कपाट यांच्या मधल्या जागेत बसवलेले, साधारण दोन फूट लांबीचे काचेचे पात्र, ज्यात पाणी, वाळू, काही मासे आणि कुटुंबप्रमुखाची उरलीसुरली प्रतिष्ठा एवढ्या वस्तू ठेवलेल्या असतात. या पात्रात तळ्याचा देखावा उभा राहावा अशी त्याची इच्छा असते. तळ्याची हिरवाई, तळ्याची शांतता, पानांचे संथ डोलणे हे सारे त्याला हवे असते, मात्र तळ्यातील इतर रहिवाशांपैकी कोणीही सोबत येता कामा नये अशी त्याची अट असते. तळ्याला ही अट कोणी कळवलेली नसल्यामुळे प्रस्तुत विषय निर्माण झाला आहे.

जिवंत वनस्पतींकडे वळण्यापूर्वी बहुतेक टाक्या प्लॅस्टिकयुगातून जातात. या युगात माशांना गुलाबी झुडपे, झाकणाची उघडझाप करणारी खजिन्याची पेटी आणि बुडबुडे सोडणारा पाणबुड्या यांच्या सहवासात आयुष्य कंठावे लागते, आणि त्याबद्दल माशांनी तक्रार केल्याचे कोठेही नमूद नाही. तक्रार येते ती पाहुण्यांकडून. "झाडं खरी नाहीत वाटतं?" असे एखादे मामा चहाचा घोट घेता घेता सहज विचारतात, चहा संपवून निघून जातात, आणि त्या प्रश्नापासून पुढे जो खर्च सुरू होतो त्यातील एक रुपयाही मामांकडून कधी वसूल होत नाही.

जिवंत वनस्पतींच्या बाजूने शास्त्रीय पुरावा भक्कम आहे, ही गृहस्थाची मोठीच सोय होय. मासे आपल्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया हा विषारी पदार्थ पाण्यात सोडतात. टाकीतील उपयुक्त जिवाणू त्याचे आधी नायट्राइटमध्ये व नंतर त्यामानाने सौम्य अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. वनस्पती अमोनिया आणि नायट्रेट ही दोन्ही द्रव्ये खत म्हणून शोषून घेतात, उजेडात प्राणवायू सोडतात आणि पिलांना लपायला जागा देतात. एवढे सगळे घरात समजावून सांगितल्यावर "म्हणजे पाणी बदलायचं तुमचं काम वाचणार, असंच ना?" असा सारांश गृहिणी काढते आणि तो बव्हंशी अचूक असतो.

खरेदीसाठी मुंबईकर क्रॉफर्ड मार्केट किंवा कुर्ला गाठतात, आणि इतर गावांतील लोक लव्हबर्डांचे पिंजरे दारात टांगलेले जे दुकान असेल तेथे जातात. तेथे वनस्पती जुडीने मिळते. जुडी म्हणजे पाचसहा काड्या एकत्र करून त्यांच्या बुडाशी शिशाची पट्टी गुंडाळलेला गठ्ठा. काही वनस्पती जाळीदार कुंडीत, दगडापासून काढलेल्या तंतूंच्या म्हणजे रॉकवूलच्या गादीवर बसवलेल्या असतात. पट्टी आणि गादी ही दोन्ही केवळ प्रवासाची साधने आहेत व घरी आल्यावर ती काढून टाकायची असतात. पट्टीखाली काड्या चेंबून कुजतात, आणि रॉकवूलच्या तंतूंत कोण मुक्कामाला आहे याचा पत्ता लागत नाही. तथापि जुडी हे परिमाण कानांवर पडताच खरेदीला मंडईचे सर्व कायदे आपोआप लागू होतात. "पिवळी पानं किती आहेत हो! वीसला द्या," असे गृहिणी म्हणते. "वहिनी, पाण्यात गेली की हिरवी होतात," असे दुकानदार सांगतो, ज्याला वनस्पतिशास्त्रात कोणताही आधार नाही. त्यानंतर मूळ मुद्द्यावरचा जो संवाद होतो, तो गावोगावी जवळजवळ शब्दशः सारखाच आढळतो.

"यात गोगलगायी नाहीत ना?"

"नाही साहेब, एकदम क्लीन माल."

"मग ही काय आहे?"

"ती आहे एक. ती काच साफ करते."

या संवादाचे वैशिष्ट्य असे की त्यातील एकही विधान सर्वस्वी असत्य नाही. गोगलगाय काचेवरचे शेवाळ खरडून खाते हे निर्विवाद आहे, आणि दुकानदाराने पाहिली ती एकच होती हेही खरे असू शकते. ज्याला या वादात पडायचे नसेल त्याच्यासाठी ऊतिसंवर्धित वनस्पती, म्हणजे प्रयोगशाळेत निर्जंतुक जेलीमध्ये वाढवून बंद कपात विकली जाणारी रोपे उपलब्ध असतात, व त्यांच्याबरोबर गोगलगाय येण्याचा प्रश्नच नसतो. गृहस्थ तो कप हातात घेतो, त्यावरची किंमत वाचतो, कप जागेवर ठेवतो आणि स्वतःच्या स्वच्छता करण्याच्या कौशल्यावर त्याचा विश्वास एकाएकी वाढतो.

आता जुडीबरोबर काय काय येते याचा विचार केला पाहिजे. सर्वप्रथम येते ती फायसा नावाची इवलीशी पाणगोगलगाय, किंवा खरे तर तिची अंडी. साबुदाण्याच्या खिरीचा थेंब पानाच्या मागे चिकटून वाळावा तशी ती दिसतात, म्हणजे बहुधा दिसत नाहीत. ही गोगलगाय उभयलिंगी असते, अर्थात नर आणि मादी या दोन्ही भूमिका एकाच देहात वठवते आणि जोडीदार न मिळाल्यास एकटीच संसार थाटू शकते; त्यामुळे "एकच तर आहे" हे वाक्य तिच्या बाबतीत कोणताही दिलासा देत नाही. मेलॅनॉइडस नावाची शंकूच्या आकाराची दुसरी गोगलगाय तर अंडीही घालत नाही, थेट पिलांना जन्म देते, तेही बहुतेक वेळा नराविना. शिवाय ती दिवसभर वाळूत दडून बसते व रात्री बाहेर पडते, त्यामुळे टाकीत गोगलगाय नाही अशी ग्वाही देणारे गृहस्थ रात्री पाणी प्यायला उठून दिवा लावतात तेव्हा काचेवर भरलेली सभा पाहून तसेच तहानलेले परत जातात.

मागोमाग हायड्रा येतो. हा काही मिलिमीटर लांबीचा, शुंडके पसरून बसणारा जीव कोळंबीची आणि माशांची अगदी कोवळी पिले पकडून खातो, आणि त्याचे तुकडे केल्यास प्रत्येक तुकड्याचा नवा हायड्रा होतो. आब्राहाम त्रांब्ले या निसर्ग-अभ्यासकाने हा चमत्कार १७४० च्या दशकात हॉलंडमध्ये शोधून काढला आणि १७४४ मध्ये ग्रंथरूपाने मांडला, तेव्हा युरोपातील विद्वत्सभा थक्क झाल्या. येथे नोंदवण्याजोगी गोष्ट ही की ओढ्यानाल्यांतील पाणवनस्पती काचेच्या बरणीत आणून ठेवल्या असताना त्यांवर त्याला हा प्राणी सापडला होता. विज्ञानाच्या दालनात हायड्राचा प्रवेश झाला तोही अशा रीतीने झाडाला लटकूनच. प्लॅनेरिया हा चपटा कृमी या बाबतीत आणखी पुढे गेलेला आहे. टॉमस हंट मॉर्गन या शास्त्रज्ञाने १८९८ च्या सुमारास त्याचे तुकडे करकरून पाहिले आणि शरीराच्या २७९ व्या भागापासूनही संपूर्ण कृमी तयार होऊ शकतो असे नोंदवले. हे वाचल्यावर चिमट्याने प्लॅनेरिया चिरडू पाहणाऱ्या गृहस्थाच्या हातून नेमके काय घडत असते, याची वाचकाला कल्पना येईल.

कधीमधी चतुराची किंवा टाचणीची अळीही येते. हे दोन्ही कीटक आपली अंडी पाण्यात किंवा पाणवनस्पतीतच घालतात. अळी पाण्याखाली वाढते आणि आपला घडीचा खालचा ओठ झटक्यात पुढे फेकून भक्ष्य पकडते. टाकीतील गप्पींची पिले रोज एकेक करून कमी होऊ लागली म्हणजे आधी मोठ्या माशावर, नंतर शेजारच्या मांजरावर आणि शेवटी घरातील धाकट्या मुलावर संशय घेतला जातो, आणि आरोपी या सर्व काळात वॅलिस्नेरियाच्या पानामागे स्वस्थ बसून असतो.

यावर उपाय म्हणजे प्रक्षालन. या शास्त्रातील जाणकार पहिली पायरी म्हणून यांत्रिक स्वच्छता सांगतात, म्हणजे प्रत्येक काडी वेगळी करून, उजेडाकडे धरून, सडकी पाने खुडून, अंड्यांचे पुंजके नखाने खरडून व वाहत्या पाण्याखाली धुऊन घेणे. ही पायरी ज्या घरात आजी आहेत तेथे न सांगताच पार पडते, कारण ओट्यावर ठेवलेली कोणतीही हिरवी जुडी निवडल्याशिवाय त्यांना राहवत नाही. "अरे, किती चिकट भाजी आणलीस! कुणी दिली तुला ही?" असे म्हणत त्या चष्मा लावून जे काम करतात, त्याची सर पुढील कोणत्याही रसायनाला येत नाही, फक्त त्यांना वेळीच थांबवावे लागते, अन्यथा कोवळा शेंडा वेगळा आणि देठ वेगळे होऊन फोडणीची तयारी सुरू होते.

परंतु रसायनाखेरीज काही साधले असे आधुनिक मनाला वाटत नाही, आणि येथे संप्रदाय सुरू होतात. तुरटीपंथीयांचे म्हणणे असे की चार लिटर पाण्यात दोनतीन मोठे चमचे तुरटीची पूड विरघळवून त्यात वनस्पती दोनतीन दिवस बुडवून ठेवली म्हणजे गोगलगायी व त्यांची अंडी नष्ट होतात आणि पानांना फारशी इजा होत नाही. मार्ग सौम्य आहे, तुरटी घरात दाढीच्या सामानात असतेच, आणि पंथाची अडचण एवढीच की घरातील एक बादली तीन दिवस धार्मिक कारणाने अडवल्यासारखी अडून राहते. परमँगनेटपंथीय अधिक कडक असतात. पूर्वी विहिरीत टाकत असत ते जांभळे स्फटिक, म्हणजे पोटॅशियम परमँगनेट, जंतू व परोपजीवी मारण्यास चांगले, गोगलगायीच्या अंड्यांवर मात्र ते भरवशाचे नाही. प्रमाण साधारणपणे लिटरला १० मिलिग्रॅम आणि वेळ दहा मिनिटे सांगतात. डाळ-तांदूळ मोजणाऱ्या स्वयंपाकघरातील काट्याला १० मिलिग्रॅम दिसतच नाहीत, म्हणून माप चिमटीवर येते. चिमटी ज्याच्या त्याच्या बोटांप्रमाणे असते. आणि फिकट गुलाबी व्हायचे पाणी गडद जांभळे होऊन बसते. ते पाणी ज्याला लागेल त्यावर, मग ती फरशी असो, पंचा असो वा नखे असोत, तपकिरी डाग पडतो. दुसऱ्या दिवशी कार्यालयात "कुठली पोटनिवडणूक होती हो काल?" अशी चौकशी होते, आणि खरे कारण सांगण्यापेक्षा मतदान केल्याचे मान्य करणे सोपे जाते.

सर्वांत जहाल पंथ ब्लीचचा. बिनसुवासाचे द्रव ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचे सुमारे पाच टक्के द्रावण, एक भाग घेऊन त्यात पाण्याचे एकोणीस भाग घालावेत, अनुबियास किंवा जावा फर्नसारखी चिवट वनस्पती त्यात दीड ते दोन मिनिटे बुडवावी, तत्काळ बाहेर काढून भरपूर धुवावी आणि उरलेले क्लोरीन मारण्यासाठी अँटीक्लोरीनच्या, अर्थात सोडियम थायोसल्फेटच्या पाण्यात ठेवावी, असा विधी आहे; हॉर्नवर्ट, वॅलिस्नेरिया आणि शेवाळी जातींना हा विधी सहसा मानवत नाही. कागदावर यात काहीच कठीण नाही. अडचण अशी की कोणाही माणसाला मध्यमवर्गीय घरात सलग दोन मिनिटे मिळत नाहीत. वनस्पती ब्लीचमध्ये जाताच दाराची घंटा वाजते. गॅसचा सिलिंडर आलेला असतो. सिलिंडरवाल्याला मोबाइलवर आलेला क्रमांक हवा असतो. मोबाइल चार्जिंगला असतो. चार्जर मुलाने नेलेला असतो. सर्व मार्गी लावून गृहस्थ मोरीकडे परततो तेव्हा वनस्पती पांढरीशुभ्र आणि जवळजवळ पारदर्शक झालेली असते, आणि गडद निळ्या पँटवर कधीही न जाणारा एक नकाशा उमटलेला असतो. "अंडी मेली का हो?" असे आतून विचारले जाते. मेलेली असतात; त्याबाबत विधी शंभर टक्के यशस्वी झालेला असतो.

ब्लीचच्या बाबतीत एक सूचना मात्र थट्टेखेरीज द्यायला हवी, कारण मोरीतच संडास धुण्याचे ॲसिड, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि परमँगनेट या बाटल्या शेजारी शेजारी नांदत असतात व उत्साहाच्या भरात एकाने होत नाही तर दोन्ही वापरू असे माणसाला वाटते. ब्लीच आणि ॲसिड एकत्र आल्यास क्लोरीन वायू निर्माण होतो, जो गोगलगाय आणि गृहस्थ असा भेद करत नाही. एका वेळी एकच रसायन, उघड्या खिडकीजवळ व हातमोजे घालून वापरावे. सोड्याच्या बाटलीतील कर्बवायूयुक्त पाण्यात वनस्पती रात्रभर अंधारात बुडवून ठेवणारा एक अलीकडचा पंथही आहे. त्यात विषारी काहीच नाही, मात्र रात्री आलेल्या मेहुण्यांना सोडा का नाही, हे पटवून देणे अवघड जाते.

ज्यांना रसायनांचा धसका बसतो ते विलगीकरणाकडे वळतात. २०२० नंतर हा शब्द मराठी घरात समजावून सांगण्याची गरज उरलेली नाही. वनस्पती मुख्य टाकीत न लावता वेगळ्या बादलीत किंवा टबात, उजेडात, माशांवाचून तीनचार आठवडे ठेवायची, अंड्यांतून गोगलगायी बाहेर पडल्या की वेचायच्या, आणि पाणी बदलत राहायचे, म्हणजे पानांवर फवारलेली कीटकनाशके धुऊन जाण्यासही अवधी मिळतो, जे कोळंबी पाळणाऱ्याच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. माशाला जाणवणारही नाही इतक्या औषधाने कोळंबी मरते. मासे नसण्यामागे आणखी एक कारण आहे. माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आणणाऱ्या व्हाइट स्पॉट या रोगाचा परोपजीवी एका अवस्थेत पानांना चिकटून राहतो व फुटून असंख्य पोहणारी पिले सोडतो. त्या पिलांना थोड्याच दिवसांत मासा भेटला नाही तर ती उपाशी मरतात. बादलीत मासा नसणे हेच औषध आहे.

प्रस्तुत विषयावरील सर्वांत विवेकी उपाय हाच, आणि त्यालाच समाजाचा सर्वाधिक विरोध होतो. बादली ठेवायला उजेडाची जागा म्हणजे गॅलरी. पावसाळ्यात महापालिकेचे आरोग्य कर्मचारी डेंग्यूच्या डासांच्या अळ्या शोधत घरोघर येतात आणि कुंड्यांखालच्या बशा, फ्रिजमागचा ट्रे व गॅलरीतील बादल्या बॅटरी लावून तपासतात.

"साहेब, हे पाणी किती दिवसांचं आहे?"

"तीन आठवड्यांचं. मुद्दाम ठेवलंय. क्वारंटाइन आहे."

"कुणाचं?"

"झाडाचं."

कर्मचारी वहीत काहीतरी लिहितो. मग तो मनाने चांगला असल्यामुळे तोडगा सुचवतो: "यात दोन गप्पी मासे सोडा ना, अळ्या खाऊन टाकतील. आम्हीच देतो." येथे गृहस्थ शास्त्र आणि शासन यांच्या कात्रीत सापडतो, कारण मासा सोडला तर विलगीकरण मोडते आणि न सोडला तर दंड होण्याची शक्यता असते. बादलीवर बारीक जाळी बांधणे आणि दर तीनचार दिवसांनी सगळे पाणी बदलणे हा उपाय दोन्ही पक्षांना मान्य होण्याजोगा आहे. तथापि तो सुचण्याआधीच घरकाम करणाऱ्या मावशींनी "दादा, ते गटाराचं पाणी मी ओतून दिलं, बादली घासून ठेवली," असे सांगून विषय निकाली काढलेला असतो.

या सर्व दिव्यांतून जी वनस्पती वाचते ती अखेर टाकीत लागते. जावा फर्न आणि अनुबियास यांचे आडवे जाड खोड, ज्याला राइझोम म्हणतात, ते वाळूत पुरल्यास कुजते, म्हणून या वनस्पती दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधतात. परंतु झाड म्हटले की ते मातीत खोचायचे हा संस्कार इतका खोल असतो की गृहस्थ बांधतो व आजी संध्याकाळी दिवा लावताना ते प्रेमाने पुरून ठेवतात. वाळूत लावायच्या वनस्पतींचे दुर्दैव निराळे. बऱ्याच रोपवाटिकांत पाणवनस्पती मुळे ओली व पाने हवेत ठेवून वाढवतात, कारण तशी वाढ जलद होते. ती हवेतील पाने पाण्याखाली टिकत नाहीत, गळून पडतात व त्यांच्या जागी पाण्याला सोसणारी नवी पाने फुटतात. क्रिप्टोकोरिन या वंशात तर जागा बदलल्याचा राग म्हणून सगळी पाने विरघळल्यागत लगदा होण्याचा प्रकार सर्रास घडतो. याच वंशाच्या काही जाती कोकणच्या आणि सह्याद्रीच्या ओढ्यांत पावसाळी लोंढे, उन्हाळी कोरड आणि गुरांचे खूर सहन करत नांदतात. त्यांचे भाईबंद दिवाणखान्यातील फिल्टरच्या पाण्यात आठवड्याभरात प्राण सोडल्याचे सोंग घेतात. मुळे जिवंत असतात, धीर धरल्यास नवी पाने येतात. धीर धरला जात नाही. लगदा उपसून फेकला जातो, नवी जुडी आणली जाते, आणि दुकानदार म्हणतो, "साहेब, तुमचं पाणी कडक असेल."

एवढे होऊनही एके दिवशी काचेवर एक लहानसा तपकिरी ठिपका हळूहळू वर चढताना दिसतो. मग काय काय केले जाते ते सांगण्यासारखे आहे: रात्री कोबीचे पान टाकून सकाळी गोळा झालेल्या गोगलगायींसकट ते उचलणे, गोगलगायी खाणारी शिकारी गोगलगाय विकत आणणे, लोच जातीचे मासे आणणे, लोच मोठा झाला म्हणून टाकी मोठी घेणे. मूळ कारण मात्र फार जवळचे असते. गोगलगायींची संख्या ही टाकीत उरणाऱ्या अन्नाच्या प्रमाणात वाढते, आणि भारतीय कुटुंबात कोणालाही उपाशी पाहवत नाही. सकाळी गृहस्थ दाणे टाकतो. तो गेल्यावर गृहिणी, "त्यांनी टाकलं असेल की नाही कोण जाणे," म्हणून टाकते. शाळेतून आल्यावर मुलगा टाकतो. आणि दुपारी सगळे झोपल्यावर, मासा काचेपाशी येऊन तोंड उघडतो हे भुकेचे लक्षण समजून आजी पोळीचा एक तुकडा कुस्करतात. या चार जेवणांतून उरलेले अन्न खाऊन जी प्रजा वाढते तिच्याविरुद्ध मग तेच चौघे मोहीम उघडतात.

इतिहासाने या बाबतीत जी चेष्टा केलेली आहे ती नोंदवणे आवश्यक आहे. लंडनमधील रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने १८४९ साली काचेच्या पात्रात दोन गोल्डफिश आणि वॅलिस्नेरिया ठेवून प्राणी व वनस्पती परस्परांच्या आधाराने जगू शकतात का, हे तपासायला सुरुवात केली, व १८५० मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. काही काळाने वॅलिस्नेरियाची जुनी पाने कुजून पाणी गढुळले. तेव्हा वॉरिंग्टनने स्वतः गोगलगायी आणून पात्रात सोडल्या. त्यांनी कुजकी पाने आणि चिकट शेवाळ खाल्ले, पाणी निवळले, त्यांची अंडी-पिले माशांच्या उपयोगी पडली, आणि समतोल टाकीची कल्पना सिद्ध झाली. घरगुती मत्स्यपालनाची जी परंपरा पुढे जगभर पसरली, तिच्या मुळाशी असलेल्या पात्रात गोगलगाय निमंत्रणाने आली होती. दोन गोल्डफिश, एक वनस्पती आणि तिची सफाई करणारी गोगलगाय. आजचा गृहस्थ यांपैकी पहिल्या दोहोंसाठी पैसे मोजतो, तिसरी फुकट आली म्हणून झोप गमावतो, आणि गोल्डफिश वनस्पती खाऊन टाकतो तेव्हा त्याबद्दल गोगलगायीलाच दोषी धरतो.

उरला प्रश्न विल्हेवाटीचा. वनस्पती टिकली की वाढते, वाढली की छाटावी लागते, आणि छाटलेले ढीगभर हिरवे नदीत किंवा तळ्यात सोडून देणे हा भूतदयेचा प्रकार वाटतो. तो तसा नाही. दक्षिण अमेरिकेतून आलेली जलपर्णी पुण्यातील नद्यांवर पसरते आणि ती काढायला महापालिकेला वारंवार पैसे खर्चावे लागतात, हे पुणेकरांना सांगायला नको. उलट आपल्याकडची हायड्रिला १९५० च्या दशकात टाकीत लावायची वनस्पती म्हणून अमेरिकेत फ्लोरिडाला गेली आणि तेथील जलाशयांत तिने असे हातपाय पसरले की तिला हटवण्याचे प्रयत्न अद्याप चालू आहेत. त्याच अमेरिकेत मार्च २०२१ मध्ये टाकीत ठेवायच्या हिरव्या शेवाळगोळ्यांत झेब्रा शिंपल्या सापडल्या, तेव्हा वन्यजीव खात्याने लोकांना आदेशवजा विनंती केली की गोळे चोवीस तास फ्रीजरमध्ये गोठवावेत किंवा उकळत्या पाण्यात घालावेत, आणि नंतर कचऱ्यात टाकावेत. संडासात मात्र टाकू नयेत. आइस्क्रीमशेजारी शेवाळ ठेवण्यावरून तेथील घरांत काय संवाद झाले असतील त्याची कल्पना मराठी वाचकाला सहज करता येईल.

आपल्याकडे ऊन मुबलक असल्याने कापलेली वनस्पती गच्चीत वर्तमानपत्रावर पसरून कडकडीत वाळवणे हा सर्वांत सोपा मार्ग आहे. त्यात काडी, अंडी, गोगलगाय सर्व मरतात, आणि त्यानंतर तो सेंद्रिय पदार्थ असल्यामुळे नियमानुसार ओल्या कचऱ्याच्या डब्यात जातो. कचरा गोळा करणाऱ्या ताईंना हे पटवणे बाकी राहते.

"दादा, हे तर सुकं आहे. सुक्यात टाकू ना?"

"नाही ताई, हा ओला कचरा आहे. वाळवलाय फक्त."

"वाळवलाय, मग ओला कसा?"

"पाण्यातलं झाड आहे ते."

"मग वाळवलंत कशाला?"